वाफसा निघून जाऊ देऊ नका



शाळू कधी पेरावा हे मी तुम्हाला सांगायला नको. हस्ताचा पाऊस झाला, रानात वाफसा आला की पाभर हलते. त्या आठवड्यात कुणी पाहुण्याकडे मुक्कामाला जात नाही. वाफसा गेला की बी तेच, रान तेच, पण उगवण ती नव्हे. मुलांच्या वाढीतही असा एक वाफसा असतो. आज पिकांना बाजूला ठेवून त्याविषयी लिहितो आहे. त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे, ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी माण तालुक्यातील एका गावी डाळिंबावरचा तेल्या पाहायला गेलो होतो. बागेतून परतल्यावर घरच्या आजींनी चहा दिला आणि नातवाला पुढे करून म्हणाल्या, "साहेब, दोन सरून तिसरं लागलं, पण पोरगं काय बोलत न्हाई. हाक मारली तर वळूनबी बघत न्हाई." मी म्हणालो, "काळजी करू नका आजी. काही मुलं उशिरा बोलतात. आमच्या भावकीतला एक जण तर पाचव्या वर्षी बोलला."

शिकलेला माणूस बोलला म्हणून घर निर्धास्त झाले. पुढे दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा कळले, की मुलाला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते. यंत्र बसले, बोलण्याचे उपचार सुरू झाले. आज तो बोलतो, शाळेत जातो. पण बोलण्यात बरोबरीच्या मुलांच्या मागे आहे. ती दोन वर्षे माझ्या एका वाक्याने गेली. आजींनी मला डाळिंबाच्या पानावरचा ठिपका दाखवला असता, तर 'बघू पुढच्या वर्षी' असे मी म्हणालो असतो का?

जन्मापासूनच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते. ऐकणे, बोलणे, बसणे, चालणे, माणसे ओळखणे यांची पेरणी याच काळात होते. म्हणून पुढील खुणा प्रत्येक आई-बापाने ध्यानात ठेवाव्यात.

चार-पाच महिन्यांचे मूल मान धरते. नऊ महिन्यांच्या सुमारास आधाराशिवाय बसते. वर्षाचे होईतो नावाने हाक मारली की वळून पाहते. दीड वर्षापर्यंत चालू लागते, एखाददुसरा शब्द बोलते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते. दोन वर्षांचे मूल 'आई, पाणी' अशी दोन शब्दांची जोडणी करते. यात थोडे मागेपुढे होते, हे खरे. पण फार मागे पडले, नजरेला नजर देत नसले, हातपाय ताठ किंवा फारच ढिले वाटले, तर वाट पाहू नका. आणि येत असलेले बोलणे किंवा चालणे थांबले, तर एक दिवसही दवडू नका.

दाखवायचे कुठे? पहिली पायरी आपली अंगणवाडी सेविका आणि आशाताई. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीस येते, अशी योजना आहे. पथक येईल त्या दिवशी मुलाला रानात नेऊ नका. पथकाला शंका आली, तर ते पुढच्या केंद्राची चिठ्ठी देते आणि हे उपचार मोफत असतात. पथकाची वाट न पाहता थेट जायचे असेल, तर साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय आहे. कानांची तपासणी मात्र आधी मागून घ्या. न बोलणारे मूल पुष्कळदा न ऐकणारे असते.

उपचारांची नावे ऐकून गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मान, कंबर, पाय यांना बळ आणि वळण देतो तो फिजिओथेरपिस्ट. बोलणे, समजणे, नीट गिळणे शिकवतो तो वाचा-उपचारतज्ज्ञ. स्वमग्न मुलांना दिवसाचा क्रम, दुसऱ्याशी वागणे, रागाऐवजी खुणेने मागणे शिकवतात ते वर्तन-उपचार. शाळेचे धडे मुलाच्या गतीने देतो तो विशेष शिक्षक. तालुक्याच्या गट साधन केंद्रात त्याची चौकशी करावी. आणि हाताला काम शिकवून जेवणे, कपडे घालणे, लिहिणे जमवतो तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ.

या शेवटच्या उपचाराचे आपल्या फलटणशी नाते आहे. निंबकर म्हटले की आपल्याला जुळी कोकरे देणारी 'नारी सुवर्णा' मेंढी आठवते. फलटणची ती संशोधन संस्था बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ साली काढली. त्यांच्या मातोश्री कमलाबाई मूळच्या अमेरिकेच्या, माहेरचे नाव एलिझाबेथ लंडी. निंबकरांच्या घरी सून म्हणून आल्या आणि इथल्याच झाल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० साली त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे देशातील पहिले विद्यालय सुरू केले. अपंगाला नुसती दया नको, हाताला जमेल असे काम हवे, हा या विद्येचा गाभा. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची आहे.

आता मुख्य गोष्ट. आठवड्यातून एकदा तासभर तज्ज्ञाकडे नेले म्हणजे उपचार झाला, असे समजू नका. आम्ही गावात एका गुंठ्यावर प्रात्यक्षिक करून दाखवतो, पण पीक येते ते तुम्ही उरलेल्या रानात राबता तेव्हा. तज्ज्ञाचा तास हे प्रात्यक्षिक. उरलेला आठवडा घराचा.

आटपाडी-जतहून सांगली रोज गाठता येत नाही, म्हणून तर घरचे काम मोलाचे. पाणी हवे असेल तर तांब्या लगेच हाती देऊ नका. तांब्या दाखवा, 'पाणी' म्हणा, मनात दहा अंक मोजा आणि मुलाला प्रयत्न करू द्या. गोठ्यात जाताना गाय, वासरू, वैरण असे एकेक नाव घ्या. कणकेचा गोळा मळायला द्या. मोठ्या मुलाला शेंगा फोडायला, हरभरा आणि शेंगदाणे वेगळे करायला बसवा. तान्ह्यापुढे मात्र दाणे ठेवू नका, नाका-घशात जातात. चालण्याच्या सरावासाठी अंगणात मुलाच्या उंचीचे दोन बांबू आडवे बांधता येतात. मान-पाठ सांभाळणारी खुर्ची गावचा सुतार करतो. माप मात्र फिजिओथेरपिस्टकडून घ्या. ताठ हातपाय बळाने ओढू नका. आणि न बोलणाऱ्या मुलाला गप्प बसवण्यासाठी मोबाइल देऊ नका.

या उपचारांनी प्रत्येक मूल इतरांसारखेच होईल असे नव्हे. पण स्वतःच्या हाताने घास घेणे, लघवीला सांगणे, आईला हाक मारणे, हे थोडे आहे काय? 'महिन्यात बरा करतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा, मग तो अंगारा देणारा असो की महागडे इंजेक्शन. एक एकर विकून आलेले दोन कुटुंबप्रमुख मी पाहिले आहेत. जमीन गेली, मूल आहे तिथेच राहिले.

खर्चाला हातभार म्हणून रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. एस.टी.च्या भाड्यातील सवलतीसाठीही त्याची चौकशी करा. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वे धरली आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 'निरामय' या विमा योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची सोय आहे.

शेवटी एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना. 'ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं' असे सुनेला म्हणू नका. तसे काही नसते. तिला बोल लावला की ती मुलाला लपवते, आणि लपवलेल्या मुलाचा वाफसा निघून जातो. तसेच दर खेपेला तिनेच कडेवर घेऊन एस.टी.त चढायचे, हेही बरे नव्हे. बाजारच्या दिवशी बापाने, सुगी सरल्यावर आजोबांनी पाळी घ्यावी. आणि गावात कुणी 'खुळं' म्हटले, तर त्याला मुलाचे नाव सांगावे.

मूल मोठे झाले असेल तरी हात टेकू नका. उशिराची पेरणीही पडीक रानापेक्षा बरी. पण घरात दोन वर्षांचे लेकरू असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात हाक मारून पाहा. वळले नाही, तर उद्या पुन्हा मारा. तरीही वळले नाही, तर मला विचारू नका, शेजाऱ्याला विचारू नका. सरळ रुग्णालय गाठा.