उसावर विमान उडेल, पण उसाच्या बिलाचं काय?

१९ मे २०२३ ला पुण्याहून दिल्लीला एअर एशिया इंडियाचं एक प्रवासी विमान गेलं. त्याच्या टाकीत नेहमीच्या इंधनासोबत पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेलं इंधनही होतं. इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढलं की इथिलीन वायू मिळतो. तो जोडून लांब साखळ्या केल्या आणि हायड्रोजनची प्रक्रिया दिली की रॉकेलच्या जातीचं विमान इंधन तयार होतं.

केंद्राने आंतरराष्ट्रीय विमानांसाठी अशा इंधनाच्या मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलंय: २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के. म्हणजे इथेनॉलला नवं गिऱ्हाईक येतंय. पण ते कारखान्याच्या दारात येणार, शेतकऱ्याच्या बांधावर नाही.

उसाची एफआरपी साखरेच्या उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये. त्याच उसाच्या इथेनॉलवर गाडी पळो की विमान, हा आकडा तोच. रंगराजन समितीने साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला द्यायचं सुचवलं होतं. पण विमान इंधन बनवणारी कंपनी वेगळी असली तर खरा नफा कारखान्याच्या गेटबाहेर होतो. तो हिशेबात धरायचा की नाही, हे कारखान्यांच्या वार्षिक सभेत आत्ताच विचारायला हवं. प्लांट उभे राहिल्यावर कोण ऐकतंय?

भरवसा धोरणाचाही नाही. साखर कमी पडणार म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवणं एकदम थांबवलं. आठवडाभरात ते थोडं सैल केलं, पण ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली होती त्यांचा जीव टांगणीला लागला.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर फारशी चर्चा होत नाही. युरोपच्या नियमांत खाद्यपिकापासूनचं विमान इंधन धरलंच जात नाही. शेतातला काडीकचरा मात्र चालतो. म्हणजे आपण पेटवून देतो ते पाचट, कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या. अर्थात पाचट सरीत कुजवलं तर जमिनीला लागतंच, त्यामुळे सगळं विकणंही परवडणारं नाही. आणि विकायचं ठरवलं तरी पाचटाला एफआरपीसारखा कायद्याने बांधलेला भाव नाही. गोळा करायचा आणि वाहतुकीचा खर्च कोणाच्या डोक्यावर, हे करारात लिहून घेतल्याशिवाय ट्रॉली भरू नये.