गळपट्टा की गळफास?

कुत्र्याच्या गळ्यातील पट्टा हा अग्रलेखाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. ज्याच्या पोटरीवर पहाटेच्या अंधारात दात उमटले आहेत अशा पोदेराला, मासळीची पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईला अथवा हेच वर्तमानपत्र घरोघर टाकणाऱ्या मुलाला मात्र तो पडणार नाही. गोव्यातील कोणत्याही वाड्यावर सायकलचा भोंगा वाजला की फाटकाआडून जो धावून येतो, तो नेहमी बेवारशी कुत्रा असतो असे नाही. पुष्कळदा तो नावाने हाक मारला जाणारा, घरच्या शितकढीवर पोसलेला कुत्रा असतो आणि त्याचा धनी सोप्यावरून "काही करत नाही हो तो" असे आश्वासन देत निवांत उभा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ११ तारखेस भटक्या कुत्र्यांसंबंधी कठोर आदेश दिला व २२ तारखेस तो बराच सौम्य केला, तेव्हापासून देशभर वाद रंगला. त्या वादात प्राणिप्रेमी आणि प्राणिद्वेष्टे असे दोन तट पडले. पाळीव कुत्र्याच्या मालकाकडे मात्र कोणी बोट दाखविले नाही. वास्तविक आमच्याच राज्यात, हणजूण येथे, २०२४ साली एका बालकाचा बळी घेणारा कुत्रा पाळीव होता. तो प्रकार एका बलदंड जातीचा म्हणून गाजला. परंतु साध्या गावठी कुत्र्याच्या बाबतीतही दुर्वर्तनाचे बीज त्याच्या वयाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यातच आमच्या घरात पेरले जाते, याकडे आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे.

क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलांच्या हट्टाखातर दोन महिन्यांचे पिल्लू घरी येते. त्याचे कौतुक होते, ते बोटे चोखते, साडीचा पदर ओढते, सारे हसतात. दोन महिने उलटतात आणि त्याच खेळात रक्त निघू लागते. मग आजी ओरडते, मुले खाटेवर चढून बसतात, कोणीतरी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या नाकावर हाणतो. शेवटी बाजारातून एक लोखंडी साखळी येते. चौघांनी धरून ती त्या जिवाच्या गळ्यात अडकविली जाते आणि मागील दारच्या खांबाशी त्याचे उर्वरित आयुष्य सुरू होते. दत्तगुरूंच्या तसबिरीला रोज हार घालणाऱ्या घराच्या मागील दारी दीड हाताच्या साखळीत गोल फिरून जमीन झिजविणारा कुत्रा आम्ही पाहिला आहे. असा कुत्रा पुढे खरोखरच चावरा निघाला तर दोष जातीला द्यावा की साखळीला?

यासंबंधी कायदा स्पष्ट आहे. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमानुसार अवाजवी आखूड वा जड साखळीने जनावरास दीर्घकाळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्यास वाजवी व्यायाम न देणे हाही त्याच कलमाखाली गुन्हाच आहे. दुसऱ्या बाजूने, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची दक्षता न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमान्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे कुत्रा सदैव बांधून ठेवता येत नाही आणि मोकाटही सोडता येत नाही. उरतो एकच मार्ग, तो पट्टा व दोरी आनंदाने स्वीकारील असे त्याला शिकविणे. आणि हे शिक्षण आपल्याकडे कोणीच देत नाही.

पिल्लू चावते म्हणजे दुष्टपणा करते हा समज आधी टाकून द्यावा लागेल. त्याला हात नाहीत. जग चाचपून पाहण्याचे त्याचे साधन तोंड हेच. शिवाय त्याचे २८ दुधाचे दात साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि चघळण्यास काहीतरी लागतेच. ते आपण दिले नाही तर चप्पल, खुर्चीचा पाय आणि आपले मनगट त्याच्यासाठी आहेतच. गाठ मारलेले ओले फडके थंड करून द्यावे, मोठे कच्चे गाजर द्यावे, टणक रबराचे खेळणे द्यावे. दात अंगाला लागताच ओरडाआरडा न करता हात सैल सोडून खेळ तत्काळ थांबवावा आणि अर्ध्या मिनिटाने चघळण्याची वस्तू पुढे करून पुन्हा सुरू करावा. घरातील पाच माणसांपैकी चौघांनी हा नियम पाळला आणि पाचव्या काकांनी मात्र हाताशी झोंबाझोंबी चालू ठेवली, तर सारे मुसळ केरात.

आता पट्ट्याकडे वळू. पिल्लू पट्ट्याला विरोध करते, त्याहून अधिक विरोध ते मानेकडे येणाऱ्या हाताला करते. त्याचा अनुभव असा, की मानेला हात लागला म्हणजे खेळ संपला, आंघोळ आली किंवा डांबले गेले. म्हणून ते वळून हात धरते. हा अनुभवच उलटा करावयाचा असतो. मानेला क्षणभर स्पर्श करावा, लगेच पोईचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा कण द्यावा आणि हात काढून घ्यावा. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी दहा-बारा आवर्तने पुरेत. (कांदा-लसणाच्या वाटणाचे काही देऊ नये, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.) काही दिवसांत हात दिसताच ते मान पुढे करू लागते. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी अन्नाची चाहूल लागताच कुत्र्याच्या तोंडास सुटणारी लाळ मोजून जे दाखवून दिले, ते आमच्या स्वयंपाकघरात कोणतेही यंत्र न लावता पाहावयास मिळते.

त्यानंतर पट्टा. तो हलका, सुती वा नायलॉनचा असावा आणि मानेशी दोन बोटे सहज जातील इतका सैल. जेवणाचे ताट समोर ठेवताना तो घालावा व जेवण होताच काढावा. पिल्लू मागील पायांनी खाजवील, लोळेल. तिकडे दुर्लक्ष करावे. वाढत्या पिल्लाचा पट्टा दोन-तीन आठवड्यांतच आवळू लागतो. तो वेळीच सैल न केल्याने मानेच्या मांसात रुतलेला पट्टा कापून काढण्याची वेळ पशुवैद्यांवर येते. आमच्या पावसाळ्यात ही काळजी दुप्पट हवी. चामडे भिजून कुजते, त्याखाली जखमा होतात, गोचिडी तर त्याच जागी ठाण मांडतात. रोज पट्टा काढून मान कोरडी करणे हे काम घरातील एकाच व्यक्तीकडे नेमून द्यावे. सर्वांचे काम म्हणजे कोणाचेच नव्हे.

दोरीची पायरी शेवटची, आणि येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. प्रथम घरातल्या घरात, आपल्या नजरेखाली, एक हलकी दोरी पट्ट्याला अडकवून तशीच फरफटू द्यावी. पिल्लू ती तोंडात धरणारच. आपण ती ओढून घेऊ लागलो की त्याच्या दृष्टीने रस्सीखेच सुरू झाली, आणि त्या खेळाइतका प्रिय खेळ त्याला दुसरा नाही. तेव्हा ओढू नये. दोरी सैल सोडावी, निश्चल उभे राहावे, नाकाजवळ खाऊ धरावा. तोंड उघडून दोरी सुटली की खाऊ द्यावा आणि दोन पावले चालावे. बाहेर निघाल्यावर ते पुढे ओढू लागले तर थांबावे, दोरी सैल झाली की चालावे. ओढल्याने वाट मिळत नाही, सैल सोडल्याने मिळते, एवढेच त्याला कळावयाचे आहे. एका वेळेस चार-पाच मिनिटांहून अधिक नको, आणि डांबर तापण्यापूर्वी परतावे. फार ओढणाऱ्याला गळ्याऐवजी छातीचा पट्टा बरा. श्वासनलिकेवर ताण येत नाही.

दोरीला मिरचीची पूड चोळणे, गळा आवळणाऱ्या साखळीला हिसके देणे, गुरगुरल्याबद्दल मारणे हे उपाय सुचविणारे सल्लागार प्रत्येक नाक्यावर भेटतात. त्यांनी एक ध्यानात घ्यावे: गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना आहे. माराच्या भीतीने ती सूचना बंद होते, राग बंद होत नाही. सूचना न देता चावणारे कुत्रे असे तयार होतात. मात्र अंग ताठ करून, डोळे रोखून, अन्नाजवळ येणाऱ्यास खोलवर चावणारे पिल्लू हे खेळकर पिल्लू नव्हे. त्याला विनाविलंब पशुवैद्याकडे न्यावे.

जुनी माणसे म्हणतील, आमच्या कुळागरात चार कुत्रे होते, त्यांना कोणी शिकविले? खरे आहे. पण त्या कुत्र्यांना फिरावयास सारे कुळागर होते आणि वाटेवर दिवसातून एखादी बैलगाडी. आज त्याच कुळागराच्या कडेने चौपदरी रस्ता गेला आहे आणि नातू तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहतो. कुत्रा तोच आहे, त्याचे अंगण नाहीसे झाले.

गोवा २०२१ साली देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु नियंत्रित म्हणजे मुक्त नव्हे. पाळीव पिल्लाचा दात लागला तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि आरोग्य केंद्र गाठावे. घरचेच पिल्लू आहे म्हणून हळद दाबून गप्प बसू नये. ज्या घरात कुत्रा दोरीने चालतो, त्या घरातून तो लसीकरणालाही चालत जातो. ज्याला धरायलाच चार माणसे लागतात, त्याची सुई दरवर्षी चुकते.

सरकारी पशुचिकित्सालयांनी आणि नोंदणीचा बिल्ला देणाऱ्या पालिकांनी या कामी थोडा पुढाकार घ्यावा. लसीच्या शिबिरात एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याने दहा मिनिटे पट्टा घालण्याचे प्रात्यक्षिक दाखविले तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. मराठी आणि कोकणीत एक पानभर सूचना छापून बिल्ल्यासोबत दिल्या तर त्या निदान घरी तरी पोहोचतील. यासाठी चतुर्थीपूर्वीचे दिवस साधावेत. चतुर्थीच्या सुट्टीत आणलेले दोन महिन्यांचे पिल्लू नरकचतुर्दशीला जवळजवळ चार महिन्यांचे झालेले असते. त्या रात्री नरकासुराच्या मिरवणुकीतील कर्णकर्कश आवाजाने व फटाक्यांनी बिथरून दरवर्षी कितीतरी कुत्री घर सोडून पळतात. तोवर पट्टा अंगवळणी पडलेला असावा, आणि त्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा.