मालगाडीचे साक्षीदार

पावसाळा सरून बोरघाटातले गवत पिवळे पडू लागले, की सुट्टीच्या दिवशी काही मंडळी खांद्याला कॅमेरा लटकावून डोंगराकडे निघतात. त्यांत कोणी बँकेतला कारकून असतो, कोणी शाळेत गणित शिकवतो, कोणी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असतो. बरोबर पोळीभाजीचा डबा, पाणी आणि एक वही. ठाकूरवाडी किंवा नागनाथच्या वरच्या अंगाला, रुळांपासून दूर असलेल्या पायवाटेच्या कडेला ती दिवसभर बसून राहतात. त्यांना धबधबा नको असतो आणि सूर्यास्तही नको असतो. त्यांना हवी असते मालगाडी. घरची माणसे या छंदाची थट्टा करतात आणि वाटेत भेटलेल्या पोलिसाला त्याचा संशय येतो. थट्टा आणि संशय या दोहोंचे मूळ एकच आहे: मालगाडीत पाहण्यासारखे काही असू शकते, हेच कोणाला पटत नाही.

वस्तुतः रेल्वेचा संसार चालतो तो या गाडीवर. वाहतुकीच्या उत्पन्नातला सुमारे दोन तृतीयांश वाटा ती मिळवते आणि प्रवासी भाड्यातली तूट भरून काढते. २०२२-२३ या वर्षात रेल्वेने १५१ कोटी टनांहून अधिक माल वाहिला. त्यातला निम्मा कोळसा होता. असे असूनही प्रवासी गाडी आली, की मालगाडीने बाजूच्या लूप लाइनवर जाऊन उभे राहायचे. एकत्र कुटुंबातल्या कमावत्या भावाने सर्वांच्या शेवटी पानावर बसावे, तसा हा प्रकार आहे. प्रवाशाची समजूत मात्र उलटीच असते. आपली गाडी थांबली, की तो मालगाडीच्या नावाने बोटे मोडतो.

छायाचित्रकाराच्या वहीत ही गोष्ट आकड्यांनी उतरते. मालगाडीचे छापील वेळापत्रक लोकांच्या हाती नसते. म्हणून तो वाट पाहतो आणि वाट पाहता पाहता नोंदी करतो. इतक्या वाजता सिमेंटची गाडी सिग्नलला थांबली, तिच्यापुढून इतक्या एक्स्प्रेस गेल्या, इतक्या वाजता ती हलली. देशातील मालगाड्यांचा सरासरी वेग कित्येक वर्षे ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास का घोटाळत राहिला, याचे उत्तर या वहीच्या एका पानावर सापडते. त्याच टेकडीवरून मुंबई–पुणे रस्त्यावरची ट्रकांची रांगही दिसते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशातील चार पंचमांशांहून अधिक माल रेल्वेने जात असे. आता तो वाटा एक तृतीयांशाच्याही खाली आला आहे. लूप लाइनवर उभी असलेली गाडी आणि रस्त्यावर धुरळा उडवणारे ट्रक एकाच चौकटीत आले, म्हणजे अर्थशास्त्राचा तास वेगळा घ्यावा लागत नाही.

आणि मग गाडी येते. सदतीस मीटर पुढे जावे तेव्हा एक मीटर वर, असा हा चढ आहे. पुढच्या इंजिनाला तो एकट्याने पेलत नाही, म्हणून कर्जतला मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडतात. या थांब्याने कर्जतच्या वडापावाला नाव मिळवून दिले, हे प्रवासी जाणतात. मागच्या इंजिनांकडे मात्र कोणाची नजर जात नाही. दरीत पुढच्या इंजिनाचा भोंगा घुमतो, मागून उत्तर येते, आणि वाघिणींची लांबलचक माळ वळणावर इंचाइंचाने वर सरकू लागते. जाणता छायाचित्रकार या वेळी इंजिनाच्या तोंडाशी अडून राहत नाही. तो वाघिणीही टिपतो. प्रत्येक वाघिणीवर अकरा अंकी क्रमांक रंगवलेला असतो. त्यातले पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालकी कोणत्या रेल्वेची ते, आणि त्यापुढचे दोन बांधणीचे साल. हा क्रमांक वाचता येणाऱ्याला पत्र्यावरच्या गंजामागे त्या वाघिणीचे वय दिसते.

या घाटाची छायाचित्रे काढण्याची परंपरा घाटाइतकीच जुनी आहे. १८५६ साली काम सुरू झाले. मूळ कंत्राटदार बाजूला झाल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची विधवा अ‍ॅलिस हिने व्यवस्थापकांच्या साहाय्याने कंत्राट पुरे केले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते. बांधकामाच्या काळातली जी छायाचित्रे आज पाहायला मिळतात, ती अ‍ॅलिसच्या नावानेच ओळखली जातात. ती काढली गेली नसती, तर त्या अर्धवट पुलांचे आणि बोगद्यांचे रूप केवळ कल्पनेनेच पाहावे लागले असते.

त्यानंतरच्या काळाचे काय? १९२९ नंतर या घाटात विजेची इंजिने आली. त्यांतल्या लांब नाकाच्या, उभ्या उभ्या कण्हणाऱ्या इंजिनाला कामगार ‘खेकडा’ म्हणत. पुढे चित्तरंजनच्या कारखान्यात १९७० च्या दशकात घडलेली इंजिने बँकर म्हणून राबली. २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची जुनी डीसी वीज मुंबईपर्यंत संपली आणि त्यांचे काम सरले. खेकडा निदान मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा आहे. बाकीची बहुतेक इंजिने भंगाराच्या लिलावात गेली, आणि घाटात ती राबताना कशी दिसत हे सांगणारा साठा मुख्यतः या हौशी मंडळींच्या कपाटात आहे.

अर्थात हौसेच्या नावाखाली रुळांवर उभे राहून स्वतःचीच छबी टिपणाऱ्यांची गय करण्याचे कारण नाही. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार असते, आणि उतारावर आलेल्या गाडीला कोणासाठी थांबता येत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ अन्वये गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. परंतु हद्दीबाहेर पायवाटेवर वही घेऊन बसलेला शिक्षक आणि रुळांवर नाचणारा उपटसुंभ यांना एकाच मापाने मोजणे हा कायद्याचा अंमल नव्हे, आळस आहे. विभागीय कार्यालयाने अशा अभ्यासकांना वर्षभराचे ओळखपत्र द्यावे, घाटातल्या दोन-चार सुरक्षित जागा नेमून द्याव्यात, आणि बदल्यात प्रत्येक छायाचित्राची एक प्रत, तारीख व क्रमांकासह, आपल्या दप्तरी मागून घ्यावी. या व्यवस्थेला खर्च लागणार आहे तो एका रजिस्टराचा आणि एका शिक्क्याचा.

हे लवकर व्हायला हवे, कारण मालगाडीचे शेपूटही आता बदलते आहे. २०२२ च्या जानेवारीत गार्डाचे नाव ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. गाडीच्या शेवटी जोडलेल्या ज्या हादरणाऱ्या डब्यात बसून त्याने रात्री काढल्या, त्याची जागा घेऊ शकेल असे छोटे यंत्रही शेवटच्या वाघिणीला लावून पाहिले जात आहे. त्या डब्याच्या दारात हिरवा झेंडा धरून उभा असलेला माणूस अजून घाटात दिसतो, आणि त्याचे छायाचित्र अजून काढता येते.