उसनवारीकडून हप्त्याकडे

१९२४ सालच्या जानेवारीत रॉबर्ट आणि हेलन लिंड हे दांपत्य अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील मन्सी या लहानशा शहरी मुक्कामास गेले. १८९० पासून सामान्य माणसाच्या कमावण्यात, खाण्यापिण्यात, मुलांच्या शिक्षणात आणि रविवारच्या प्रार्थनेत कोणता फरक पडला, हे पाहावयाचे होते. त्यांचा 'मिडलटाउन' हा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एक साधी नोंद बोलकी आहे. मोडकळीस आलेल्या घरांत राहणारी, तरीही मोटार बाळगणारी २६ कुटुंबे त्यांना आढळली. त्यांपैकी २१ घरांत न्हाणीचे टब नव्हते. मोटार हप्त्याने मिळत होती. ज्या समाजाच्या आजोबांनी काटकसर हा धर्म मानला आणि कर्ज ही लाज मानली, त्याच्या नातवांनी एका पिढीत हप्ता ही प्रतिष्ठा मानली. अमेरिकन जीवनातील शतकापूर्वीचे खरे स्थित्यंतर हेच होय. जॅझ संगीत आणि आखूड केस हा त्याचा देखावा होता.

याच सुमारास महाराष्ट्रातही असा एक अभ्यास झाला होता. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या खेड्याची घरोघर पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. बहुसंख्य कुटुंबांचा खर्च उत्पन्नातून भागत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. कर्ज येथेही होते, परंतु ते मोटारीसाठी नव्हते. बैल, लग्न, शेतसारा आणि पावसाळ्यातील धान्य यांसाठी होते. (तेच पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवडचे उंच इमारतींचे उपनगर झाले असून तेथील सदनिका वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतल्या जातात. डॉ. मॅन यांना ही पाहणी पुन्हा करावयास मिळती तर!)

हाच प्रश्न पुण्यापासून दूर, साक्री तालुक्यातील पिंपळनेरला विचारून पाहिला तर उत्तर अधिक गुंतागुंतीचे येते. खानदेशाला अमेरिका तशी परकी नाही. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धाने तेथील कापूस अडला, तेव्हा खानदेशचा कापूस सोन्याच्या भावाने गेला आणि युद्ध संपताच भाव कोसळून शेतकरी कर्जात बुडाला. जगाच्या बाजाराचा हा पहिला धडा होता. परंतु पश्चिम खानदेशात पांझरेच्या काठी एक अशी व्यवस्था होती की जिला बाजाराचा स्पर्श उशिरा झाला. ती म्हणजे फड पद्धती.

नदीवर एकापाठोपाठ एक दगडी बंधारे, प्रत्येक बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक. पुढच्या साली पिकांची पाळी बदलावयाची. प्रत्येक खातेदाराचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असे. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यावयाचे नाही. पाटकऱ्याने द्यावयाचे आणि त्याबद्दल धान्य न्यावयाचे. पाऊस कमी झाला की यंदा किती फड भिजवावयाचे हे पंच ठरवीत. एखादा फड कोरडा ठेवला तरी त्यात सर्वांचेच तुकडे असल्याने तूटही सर्वांच्या वाट्याला येई. पाटातील गाळ काढण्यास सर्वांनी यावयाचे, हे ओघानेच आले.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना आपल्याकडे एक चूक नेहमी होते. त्या पिढीची माणसे अधिक सज्जन होती, म्हणून पाणी वाटून घेत, असे सांगितले जाते. वस्तुतः एकट्याने बंधारा बांधता येत नव्हता आणि एकट्याने पाट राखता येत नव्हता, म्हणून ती वाटून घेत. मूल्य गरजेतून जन्मले होते. शिवाय फडाचा न्याय जमीनधारकापुरताच होता. ज्याला जमीन नाही त्याचे वर्ष आखाजीला ठरे. सालदार म्हणून तो एका घराशी बांधला जाई, आणि आगाऊ घेतलेली रक्कम फिटेपर्यंत ते घर सोडणे त्याला कठीण असे. भिल्ल आणि कोकणा कुटुंबांच्या स्मृतीत त्या काळाचे चित्र पंचांच्या चावडीइतके रम्य नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने देशात एक कोटीहून अधिक माणसे गिळली आणि १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. सरासरी आयुर्मान पंचविशीच्या आत होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. हे ज्याने विसरावयाचे ठरवले असेल त्यानेच शतकापूर्वीच्या दिवसांसाठी उसासे टाकावेत.

मग गमावले काय? विहिरीवर विजेचा पंप बसला, कूपनलिका आली, वरच्या अंगाला लाटीपाड्याचे धरण झाले. पाण्यासाठी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरली नाही आणि त्याबरोबर शेजाऱ्याने आपली तूट वाटून घेण्याची प्रथाही क्षीण झाली. आज कूपनलिका कोरडी गेली तर ती एका घराची कोरडी जाते. तिचे कर्जही त्याच घराच्या नावावर राहते. कांद्याचा भाव पडला, तरी तो प्रत्येकाने एकट्याने सोसावयाचा. जोखीम गावाकडून घराकडे सरकली. मिरवणुका निघतात, कानबाईचे रोट होतात, गाव एकत्र येते; परंतु दुष्काळाच्या हिशेबात ते एकत्र येत नाही.

याच घरावर आता हप्ताही आला आहे. पूर्वी सावकाराकडे माणूस अंधार पडल्यावर जाई. आज दुचाकीला हार घालून, नारळ फोडून, कर्जाच्या कागदावर सही करतानाचे छायाचित्र नातेवाइकांना पाठविले जाते. महिलांच्या गटाचे नाव अजून बचत गट असले, तरी त्याच्या बैठकीत बचतीपेक्षा कर्जाच्या परतफेडीचीच चर्चा अधिक चालते. नाबार्डच्या २०२१-२२ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी ५२ टक्के कर्जदार आढळली. देशातील कुटुंबांचे कर्ज २०२४ अखेर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४२ टक्के होते आणि त्यात घरबांधणीखेरीज अन्य किरकोळ कर्जांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला आहे. कर्ज वाईट असे अर्थशास्त्र म्हणत नाही. सावकाराच्या दारापेक्षा बँकेचे दार केव्हाही बरे. पण कर्ज हे भविष्यातील उत्पन्नाच्या भरवशावर काढले जाते, आणि ज्या शेतीचे भविष्यातील उत्पन्न हे पाऊस आणि बाजार यांच्या मर्जीवर आहे, तिने दरमहा ठरावीक तारखेचा हप्ता कसा भरावा?

येथे अमेरिकेचा पुढचा अध्याय वाचावयास हवा, आणि तो आपल्याकडे सहसा वाचला जात नाही. हप्त्याच्या भरभराटीनंतर ऑक्टोबर १९२९ ची घसरण आली. हजारो बँका बुडाल्या, कारखाने बंद पडले, आणि हप्त्याने घेतलेल्या वस्तूंसह माणसे रस्त्यावर आली. तेव्हा त्या व्यक्तिवादी देशाने १९३३ मध्ये ठेवींना विम्याचे संरक्षण दिले आणि १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा केला; वार्धक्य आणि बेकारी यांचा भार काही अंशी समाजाने उचलला. १९३० मध्ये अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. तीही शासनाच्या आधाराने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी पुढे खेडोपाडी नेली. म्हणजे घर एकटे पडल्यावर त्याच्याभोवती नवा फड बांधावा लागला. तो पुरेसा होता असे नाही. २०२५ मध्ये अमेरिकन कुटुंबांवरील कर्ज १८ लाख कोटी डॉलरांवर गेले, आणि दवाखान्याच्या बिलाने घर विकावयास लावण्याची कहाणी तेथे आजही घडते. तरीही बांधण्याचा प्रयत्न झाला.

आपल्याकडेही काही बांधले गेले. महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा तो जगाने पाहावा असा प्रयोग होता. परंतु पिकाच्या जोखमीबाबत आपले धोरण धरसोडीचे राहिले. राज्याने २०२३ मध्ये एक रुपयात पीकविमा दिला आणि गैरव्यवहार निघाल्यावर २०२५ मध्ये ती सवलत काढून घेतली. चोर पकडण्याऐवजी दार बंद करण्याचा हा उपाय सोपा खरा. फडातही पाणी चोरले जाई. पंचांनी म्हणून पाट बुजविला नाही. पावसाच्या वर्षाप्रमाणे पुढे-मागे होणारा हप्ता, कोरड्या गेलेल्या कूपनलिकेच्या कर्जाला सवलत, एका पाणलोटातील विहिरींच्या पाण्याचा सामाईक हिशेब, या गोष्टी अशक्य नाहीत. पांझरेकाठच्या निरक्षर पंचांनी यापेक्षा कठीण हिशेब तोंडी ठेवले होते.

आणि या साऱ्या चर्चेत एक कर्ज मोजलेच जात नाही. पश्चिम पट्ट्यातील कुटुंबे पावसाळा सरल्यावर ऊसतोडीला निघतात ती मुकादमाकडून उचल घेऊन. ती बँकेच्या वहीत नसते, पाहणीच्या तक्त्यात क्वचितच येते, आणि फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या मजुरीवर चढते. शंभर वर्षांपूर्वी आखाजीला सालदाराच्या हाती पडणाऱ्या रकमेहून ही उचल कोणत्या अर्थाने वेगळी आहे, हे कोणत्याही कर्जाच्या टक्केवारीवरून कळत नाही.