घरचा कायदा, दारचा न्याय

२०२५ च्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर इंदूरच्या मराठी घरांतून अमेरिकेचा उद्धारही झाला. त्या वर्षी २७ ऑगस्टपासून भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लागू झालं. सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी आली. तोवर न्यू जर्सीच्या नातवंडांचे फोटो ज्या दिवाणखान्यांत कौतुकाने फिरत होते, तिथेच साम्राज्यशाहीवर व्याख्यानं झडू लागली. गिरणी कामगारांच्या बळावर १९६२ साली डावे नेते होमी दाजी यांना लोकसभेत पाठवणाऱ्या शहराला ही भाषा नवी नाही. पण तो राग खिशाचा होता. शुल्क उतरलं की उतरणारा.

मराठी माणसाने अमेरिकेची याहून खोल झाडाझडती घेतलेली आहे, आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात आदरातून झाली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्यांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी जनतेला. आपल्या महूत जन्मलेले बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकले. अमेरिकेतले काळे लोक संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागताहेत हे कळल्यावर १९४६ साली त्यांनी तिथले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्याच ब्लॅक पँथरचं, आणि जाहीरनाम्यात अमेरिकी साम्राज्यवादाला धारेवरही धरलं. तिथल्या पीडितांशी नातं जोडायचं आणि तिथल्या सत्तेला जाब विचारायचा, ही रीत तिथूनच.

ती रीत भोपाळला लावून पाहावी. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि हजारो माणसं मेली. पुढच्या ऑगस्टमध्ये याच कंपनीच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्यातून गळती झाली. शंभरावर लोकांना इस्पितळात न्यावं लागलं. अमेरिका हादरली. १९८६ च्या ऑक्टोबरात तिथे कायदाच झाला: शेजारच्या कारखान्यात कोणती घातक रसायनं आहेत, हे जाणून घेण्याचा नागरिकाला हक्क. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या न्यायाधीश कीनन यांनी भोपाळकरांचा दावा ‘तुमच्याकडेच चालवा’ म्हणून भारतात परत धाडला होता. भोपाळच्या मृत्यूंमधून निघालेला शहाणपणा अमेरिकेच्या पदरात पडला आणि खटला आपल्या.

आपल्या सरकारनेही काही कमी केलं नाही. कार्बाइडचा अध्यक्ष वॉरन अँडरसन याला ७ डिसेंबर १९८४ रोजी अटक झाली, काही तासांत जामीन मिळाला आणि राज्य सरकारच्याच विमानाने तो दिल्लीला गेला. १९८९ साली ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने कार्बाइड विकत घेतली. पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या, कार्बाइडच्याच काळातल्या ॲस्बेस्टॉसच्या दाव्याची डाऊने तडजोड केली. भोपाळची जबाबदारी मात्र आपली नाही म्हणून हात झटकले.

डाव्यांनी हे सगळं वेळोवेळी मांडलं, तरी त्यांचं म्हणणं अनेकांना पटलं नाही, याला कारण त्यांचंच. व्हिएतनामवर चढलेला त्यांचा आवाज १९६८ साली प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा चढला नाही. माप एकच हवं होतं.

आणि आता पीथमपूर. १ जानेवारी २०२५ च्या रात्री कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळण्यासाठी बारा कंटेनरांत भरून भोपाळहून निघाला आणि इंदूरच्या उशाशी येऊन थांबला. ३ जानेवारीला पीथमपूर पेटलं. दोघांनी स्वतःला जाळून घेण्याचा प्रयत्न केला. इंदूरच्या मेडिकल कॉलेजचे माजी विद्यार्थी हायकोर्टात गेले. कोर्टाच्या आदेशाने आधी चाचण्या झाल्या आणि जूनअखेरीस सगळा कचरा जाळून झाला. चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे मागे राहिलेली राख आणि गाळ मूळ कचऱ्याहून जड, आठशे टनांच्या वर. भोपाळच्या संघटनांची मागणी वेगळीच होती: डाऊने हा कचरा अमेरिकेला न्यावा. ऐकणारे हसायचे. पण कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातला पाऱ्याचा कचरा, जवळपास ३०० टन, २००३ साली हिंदुस्तान लिव्हरला जहाजाने अमेरिकेलाच पाठवावा लागला होता.