कलमाच्या चिठ्ठीवर खुंटाचेही नाव हवे

पावसाळा ओसरला की नांदेड-लातूरकडे गुलाबाच्या लागवडीची लगबग सुरू होते. कलम घेताना आपण जात विचारतो, रंग विचारतो, दर पाडून घेतो. पण ज्या मुळांवर ते झाड वर्षानुवर्षे उभे राहणार, त्या खुंटाची चौकशी सहसा होत नाही.

गुलाबाच्या खुंटांत मल्टिफ्लोरा आणि इंडिका ही दोन नावे आपल्या नेहमीच्या कानावरची. मल्टिफ्लोरा मूळचा जपान, कोरिया आणि चीनचा. त्याच्या फाट्यांना मुळे झटपट फुटतात, साल सहज सुटते, बिनकाटेरी प्रकारही मिळतो. त्यामुळे डोळे भरणाऱ्याला तो आवडतो. इंडिकाचे नाव भारतीय असले तरी कूळ चिनीच. तो काटेरी आहे, हाताळायला त्रासाचा आहे.

मात्र मल्टिफ्लोराला किंचित आम्ल जमीन मानवते. मांजरा-गोदावरीच्या खोऱ्यांतली आपली काळी जमीन चुनखडीची आहे. अनेक ठिकाणी तिचा सामू आठच्या आसपास असतो. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा केवडा. युरिया टाकून तो हटत नाही. फेरस सल्फेटच्या फवारणीने पाने हिरवी होतात, पण नवी फूट पुन्हा पिवळीच निघते. इंडिका चुनखडी बऱ्याच अंशी सोसतो. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: चुनखडीच्या जमिनीत इंडिकावरचेच कलम लावावे.

ओळख अवघड नाही. डोळ्याच्या खालून आलेला फुटवा हातात घ्या आणि पानाच्या देठाच्या बुडाशी पाहा. तिथली उपपर्णे झालरीसारखी चिरलेली असतील तर खुंट मल्टिफ्लोरा. इंडिकाच्या उपपर्णांना अशी झालर नसते. पाहून झाले की तो फुटवा बुडापासून काढून टाका, नाहीतर खुंट माजतो आणि कलम मरते.

रोपवाटिकाधारकांना आमची विनंती आहे, की कलमाच्या चिठ्ठीवर जातीच्या नावाखाली खुंटाचेही नाव लिहा. आणि बागायतदारांनो, आधी माती तपासा, मगच कलमाची मागणी नोंदवा.