उंदराला मॅक्युलाच नसतो!

बायोटेक करणारी माझी मैत्रीण परवा कॅन्टीनमध्ये म्हणाली, "उंदराला मॅक्युलाच नसतो गं!" मॅक्युला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग. वाचायला, चेहरे ओळखायला तोच लागतो आणि म्हातारपणी अनेकांचा तोच खराब होतो. मग त्यावरचं औषध उंदरावर तपासून कितीसं कळणार? अल्झायमरचंही तेच. उंदरांना तो आपोआप होत नाही, जनुकं बदलून त्याच्यासारखं काहीतरी घडवावं लागतं.

बरं, जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा 'बघू जरा' म्हणून कोण काढू देईल?

वाट काढली जपानच्या शिन्या यामानाका यांनी. २००६ मध्ये उंदराच्या आणि पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशी त्यांनी पार मागे नेल्या, म्हणजे त्यांच्यापासून पुन्हा कुठलीही पेशी बनू शकेल अशा अवस्थेत. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. २०१३ मध्ये व्हिएन्नातल्या शास्त्रज्ञांनी, जन्मतः डोकं लहान असलेल्या एका पेशंटच्या पेशींपासून मेंदूच्या ऊतीचे छोटे गोळे वाढवले. तेही लहानच राहिले! कारणही दिसलं. मूळ पेशी पुरेशा वाढण्याआधीच घाईने न्यूरॉन बनत होत्या. (हे गोळे विचार वगैरे करत नाहीत. रील्सवर काहीही सांगतात.)

आपल्याकडे बंगळुरूत निम्हान्स आणि एनसीबीएस मिळून असंच काम करतात. ज्या घरात स्किझोफ्रेनिया, बायपोलरसारखे आजार एकाहून जास्त जणांना आहेत, अशा कुटुंबांच्या रक्तातून पेशी घेतात. आजारी आणि निरोगी नातेवाइकांच्या पेशींची तुलना होते.

मला खरी अडचण इथे दिसते. रक्त देण्याआधी 'आमच्या घरात हे आहे' असं मोठ्याने म्हणावं लागतं. आपल्याकडे काकाला 'जरा टेन्शन असतं' म्हणतात आणि ताईचं लग्न ठरेपर्यंत तेवढंही बोलत नाहीत. मग आपल्या माणसांच्या पेशी लॅबमध्ये पोचणार कशा?

अर्थात मागणाऱ्यांनीही नीट मागावं. या पेशी वर्षानुवर्षं जिवंत ठेवता येतात. त्यांचं पुढे काय होणार, कोण वापरणार, नाव कसं गुप्त राहणार, हे घरच्या भाषेत सांगायला हवं. सही करा, बाकी नंतर, हे चालणार नाही.

आणि निरोगी भावंडाचं रक्तही तितकंच लागतं. ते भावंड तुम्ही असाल, तर घरात हा विषय तुम्हीच काढा. आईबाबा काढणार नाहीत.